आधी काय उघडायचं

अरिवळगन लॉरीच्या मागच्या फाळक्यावरून खाली उतरला तेव्हा त्याचा उजवा कान सिमेंटने पांढरा झाला होता. फाट्यापासून गॅरेजपर्यंतची परतीची वाट त्याने रिकाम्या हौद्यात पालथं पडून, बरोबर मागच्या चाकांच्या वर, फळीला कान लावून काढली होती. त्याने कान झटकला, काळ्या शर्टाच्या खिशातून खडू काढला, गाडीखाली सरकला आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतं त्या लोखंडी पोटावर ठसठशीत फुली मारून बाहेर आला.

“हाउसिंग रडतंय,” तो म्हणाला. “आत दाते एकमेकांना खातायत. हे आधी उघडायचं.”

“रडतंय ते इंजिन!” केबिनच्या डाव्या दारातून उतरता उतरता चेन्नियप्पन म्हणाला. “मी शेजारी बसून आलोय. सबंध वाट टकटक टकटक, कुणी आतून दार ठोठावतंय तसं.”

“तू केबिनमध्ये बसलास म्हणून तुला इंजिन ऐकू आलं. मागे झोपला असतास तर हाउसिंग ऐकू आलं असतं.”

“मागे झोपायला मी काय कोंबडीखत आहे?”

चेन्नियप्पनचा अंड्यांचा धंदा होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात कोंबडी कुठून ना कुठून येत असे. लॉरीत अर्धे पैसे त्याचे. उरलेले अर्धे त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचे, म्हणजे नाचिमुत्तूचे. कागदावर लॉरी बहिणीच्या, म्हणजे पावायीच्या नावावर होती, आणि ती मालकीण असल्यामुळे तिचं मत अजून कुणी विचारलं नव्हतं. तीही केबिनमध्ये मधल्या जागेवर बसून आली होती. आता ती कडुनिंबाखाली उभी राहून पदराने मान पुसत होती.

लॉरी सरकारी हिशेबाने अकरा वर्षांची होती. कपाळावरच्या पाटीवर एकावर एक चढलेले रंग पाहिले, तर तेवढ्यात तिने तीन वेगवेगळ्या कुलदैवतांची सेवा केली होती आणि तिन्ही ठिकाणी तिचं जमलं नव्हतं. दोन दिवसांत अरिवळगनने तिच्या अंगावर खडूने बराच मजकूर लिहिला होता. त्याची पद्धत साधी होती. आडवी रेघ म्हणजे आयुष्यभर चालवून घ्या. गोल म्हणजे पुढेमागे बघू. फुली म्हणजे हे केल्याशिवाय माझ्या दारातून गाडी हलवू नका. रेघा पुष्कळ होत्या, गोलही होते. ब्रेकवरची फुली कालच पुसली गेली होती, कारण ते काम झालं होतं. आता हाउसिंगवर एक फुली पडली होती आणि चेन्नियप्पनने खडू मागून घेऊन इंजिनच्या झाकणावर स्वतःच्या हाताने दुसरी मारली होती. उरलेले पैसे यांतल्या एकाच फुलीला पुरणारे होते.

दोघांनी एकाच वेळी वर पाहिलं. नाचिमुत्तू अजून स्टिअरिंगवरच बसला होता. गाडी बंद करूनही त्याने हात खाली घेतले नव्हते.

“दाजी, तुम्ही सांगा आता.”

“अण्णांनीच सांगावं,” अरिवळगनही म्हणाला. “ते म्हणतील ते उघडतो. माझी हरकत नाही.”

असं म्हणायला कारण होतं. संगगिरीच्या लॉरीवाल्यांत नाचिमुत्तूचा कान प्रसिद्ध होता. एक काळ असा होता की कुठे विजयवाड्याला, कुठे हुबळीला गाडी अडली की मालक ड्रायव्हरला सांगायचे, फोन बॉनेटवर धर. इकडे नाचिमुत्तू जेवता जेवता ऐकायचा, आणि घास गिळून सांगायचा, तिसरा इंजेक्टर. बहुतेक वेळा तिसराच निघायचा. एका मालकाने तर सोयरिकीच्या वेळी मुलाकडच्यांची गाडी त्याला ऐकवली होती आणि त्याने मान हलवल्यावर लग्न मोडलं होतं.

कीर्तीचं एक बरं असतं, ती एकदा सुटली की तिला ढकलावं लागत नाही. कानाचं तसं नव्हतं. जुन्या लॉऱ्यांत इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या कोपराशी पत्र्याच्या झाकणाखाली असायचं. पाव शतक त्याच्या शेजारी बसल्यावर नाचिमुत्तूचा डावा कान एक दिवस न सांगता कामावरून निघून गेला. उजवा होता, पण अर्ध्या पगारावर असल्यासारखा. कुणी तोंडाजवळ येऊन बोललं तर तो काम करायचा, दुरून येणाऱ्या गोष्टींची जबाबदारी घेत नव्हता. मागून येणाऱ्या हॉर्नची नाचिमुत्तूला चिंता नव्हती. या रस्त्यावर सगळेच सगळा वेळ हॉर्न वाजवतात, तेव्हा ऐकू आला काय आणि न आला काय, तो आहेच असं धरून चालायचं. आरशात बघायचं. बाकी, लोक काय बोलले हे त्यांच्या ओठांवरून आणि भुवयांवरून कळायचं. पण इंजिनाला भुवया नसतात.

आज येताना त्याने तळपाय खालच्या पत्र्यावर दाबून पाहिला होता, गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला होता. थरथर होती. अकरा वर्षांच्या गाडीत थरथर असणारच. टकटकही त्याला ऐकू आली नव्हती आणि रडणंही नाही.

“अण्णा,” अरिवळगन म्हणाला, “शुक्रवारी तुम्ही सिमेंट भरून घाट उतरणार. उतारावर हाउसिंग गेलं तर इंजिनाचा चाकांवरचा हात सुटतो. मग एवढं वजन एकट्या ब्रेकवर येतं.”

“आणि इंजिन बसलं तर घाटापर्यंत पोचणारच नाही!” चेन्नियप्पन म्हणाला. “माझे पैसे रस्त्याच्या कडेला उभे राहतील, आणि मी रोज जाऊन त्यांना पाणी घालू?”

नाचिमुत्तू खाली उतरला. लॉरीभोवती एक फेरी मारली. पुढच्या टायरवर लाथ मारली, ज्याची काही गरज नव्हती. मग समोर, रस्त्यापलीकडे ताडांच्या रांगेत पच्चैयम्मनचं छोटं देऊळ होतं, तिकडे त्याने पाहिलं.

“आईला विचारू,” तो म्हणाला.

या भागात लग्न, विहीर, घर, कशालाही देवीला फुलं लावून कौल घेण्याची रीत आहे, पण लॉरीच्या दुरुस्तीला आजवर कुणी घेतला नव्हता. आणि नाचिमुत्तू तर कौलाची टिंगल करणाऱ्यांतला. पावायीने बोअर कुठे मारायची म्हणून देवीला विचारलं होतं, तेव्हा दोनशे फूट कोरडी धूळ निघाल्यावर तो म्हणाला होता, आईने पाण्याचं नाही, धुळीचं सांगितलं असेल.

“अण्णा, तुम्हीसुद्धा?” अरिवळगन म्हणाला. त्याचे वडील देव न मानणाऱ्यांच्या चळवळीतले. मुलाचं नाव त्यांनी अक्कल या अर्थाचं ठेवलं होतं आणि काळा शर्ट त्याला वारशात मिळाला होता. “दाते आत आहेत, अण्णा. देवीने काय पाना हातात धरलाय?”

“तू धरलायस ना? मग चल.”

चेन्नियप्पन खरं तर भाविक. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण तो दाजींच्या तोंडाकडे बघत राहिला, एखाद्या डॉक्टरने तपासून झाल्यावर ज्योतिषाचा पत्ता द्यावा तसा. पावायी गॅरेजमागे गेली आणि कण्हेरीची थोडी पांढरी, थोडी तांबडी फुलं तोडून पितळेच्या ताटात घेऊन आली.

देवळापाशी अरिवळगन बाहेरच थांबला. तो नेहमीच थांबायचा. देव न मानणारा माणूस बरोबर असला की चपला चोरीला जात नाहीत, हा पावायीचा अनुभव होता.

पुजाऱ्याने पानांच्या दोन पुड्या बांधल्या, एकीत पांढरी फुलं, एकीत तांबडी. तळहातांत घोळवून देवीच्या पायाशी टाकल्या. पांढरं निघालं तर हो, तांबडं निघालं तर नाही. यानंतर जो कुणी देवळात येईल त्याने पुडी उचलायची.

“प्रश्न काय?” पुजाऱ्याने विचारलं.

नाचिमुत्तूने हात जोडले होते. तो ओठ बघायला अर्धा क्षण उशिरा वळला, तेवढ्यात चेन्नियप्पन म्हणाला, “आई, इंजिन उघडू का?”

“हाउसिंगचंही विचारा!” बाहेरून अरिवळगन ओरडला.

“एका वेळी एक,” पुजारी म्हणाला. “तू तर मानतही नाहीस.”

“मानत नाही म्हणून काय वाटेल ते विचारायचं?”

शेळी दोरीने ओढत एक बाई आली. पुड्या बघून थबकली.

“कुणाचं लग्न?”

“लग्न नाही. दुखणं आहे,” पुजारी म्हणाला.

“अगं बाई. कुणाचं?”

“लॉरीचं.”

बाईने बाहेर, रस्त्यापलीकडे पाहिलं. लॉरीची अवस्था तिला पटली असावी. तिने शेळीची दोरी पायाखाली दाबली, डोळे मिटले आणि डावीकडची पुडी उचलली. पुजाऱ्याने पान सोडलं.

पांढरी कण्हेर.

“आई!” चेन्नियप्पनने दोन्ही गालांवर हात मारून घेतले. “बघितलंत दाजी? इंजिन!”

नाचिमुत्तूने पाहिलं. आता काही बोलायची गरज उरली नव्हती. देवीने सांगितलं, संपलं. कान झाकला गेला होता, आणि त्याच्यावर देवीची मोहोर होती. पुजाऱ्याने विभूतीचं ताट पुढे केलं. नाचिमुत्तूने चिमूट उचलली, पण कपाळापर्यंत नेली नाही. पावायी फुलांकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. त्याने चिमूट परत ताटात टाकली, हे पुजाऱ्याला आवडलं नाही, आणि तो बाहेर आला.

“काय निघालं?” अरिवळगनने विचारलं.

“इंजिन.”

एरवी अशा वेळी अरिवळगन निदान अर्धा तास बोलला असता. अंधश्रद्धा, जात, पुजाऱ्याचं पोट, सगळं क्रमाने यायचं. आज त्याने फक्त नाचिमुत्तूच्या चपला पायाने त्याच्यापुढे सरकवल्या. मग तो त्याला वळसा घालून उजव्या अंगाला आला आणि त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाला, “अण्णा, घाट आहे.”

नाचिमुत्तू एक चप्पल घालून तसाच उभा राहिला.

“आवाज कसा आहे?”

“म्हणजे?”

“हाउसिंगचा. करून दाखव.”

“तुम्ही ऐकलात ना, येताना?”

“नाही ऐकला.” तो दुसऱ्या चपलेकडे बघत होता. “तोही नाही, आणि इंजिनचाही नाही. कर.”

मागून चेन्नियप्पन आणि पावायी बाहेर येत होते. चेन्नियप्पन पायरीवरच थांबला. अरिवळगनला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

“फोनवर ऐकायचं सोडून ‘गाडी घेऊन ये, बघून सांगतो’ म्हणायला लागलात, तेव्हाच वाटलं होतं,” तो म्हणाला.

“मला नव्हतं वाटलं!” चेन्नियप्पन म्हणाला. आवाज एवढा चढला की नाचिमुत्तूलाही ऐकू आला. “मी अर्धे पैसे कशावर लावले, दाजी? या लॉरीवर? असल्या पन्नास पडल्यात बाजारात, त्या मलाही दिसतात. मी तुमच्या कानावर लावले!”

“तोही वापरलेलाच होता, चेन्निया.”

“हे आधी सांगायचं असतं! विकणारा निदान टायर तरी दाखवतो.” तो बहिणीकडे वळला. “अक्का, तुला माहीत होतं?”

पावायी म्हणाली, “मी घरात कोणत्या बाजूने जेवायला वाढते ते बघितलंस कधी?”

चेन्नियप्पनने बघितलं नव्हतं. नाचिमुत्तूनेही नव्हतं. तो आठवायला लागला आणि जसजसं आठवत गेलं तसतशी त्याची मान खाली गेली. शेवटी त्याने घसा साफ केला.

“कर रे,” तो अरिवळगनला म्हणाला.

अरिवळगनने इकडेतिकडे पाहिलं. मग देवळाच्या दारात, देवीकडे पाठ करून, त्याने नाचिमुत्तूच्या उजव्या कानाभोवती दोन्ही हातांचा द्रोण केला आणि लॉरीच्या मागच्या आसासारखा रडायला लागला. “ऊंऽऽऽऽ...” शेळीने मान वर केली.

“ॲक्सिलरेटर दाबल्यावर?”

“नाही. पाय सोडल्यावर. ऊंऽऽऽ असा चढत जातो. पुन्हा दाबला की गप्प.”

“खडखड?”

“खडखड नाही. नुसतं रडणं.”

नाचिमुत्तूने डोळे मिटले. “मग आतल्या दातेरी पिनियनचं बेअरिंग सैल झालंय. दाते अजून शाबूत असतील. पण ते दात्यांना जवळ राहू देणार नाही.” डोळे उघडून त्याने मेहुण्याकडे पाहिलं. “आता तू.”

“मी?”

“इंजिन तू ऐकलंस ना?”

चेन्नियप्पन रागात होता, तरी दोन पावलं पुढे आला. पैसे त्याचेही होते. त्याने छाती भरून घेतली. “डब्बक डब्बक डब्बक डब्बक.”

“हा तुझ्या खुराड्यांचा जनरेटर आहे.”

“टक्क! टक्क! असं काहीतरी. दाजी, मी काय मिमिक्रीवाला आहे?”

पावायी पुढे झाली. फुलं काढलेलं पितळेचं ताट तिने नाचिमुत्तूच्या उजव्या कानाशी आडवं धरलं आणि बोटातल्या अंगठीने त्याच्या कडेवर वाजवायला सुरुवात केली. टिक टिक टिक टिक, बारीक, एकसारखं.

“हे इथून निघताना,” ती म्हणाली. मग वेग वाढवला. “तुम्ही चौथा गिअर टाकलात तेव्हा. आणि हे चहा पिऊन निघालो तेव्हा.” टिक टिक जरा हलकं झालं. “मग फाटा येईपर्यंत हे.” ती इतकं हळू वाजवत होती की नाचिमुत्तूने कान ताटाला जवळजवळ टेकवला. “आणि मग नाही.”

“नाही म्हणजे?”

“बंदच झालं. इंजिन चांगलं तापलं होतं. चेन्निया तेव्हा अंड्याच्या भावावरून फोनवर भांडत होता, त्याला कळलं नाही.”

“भाव पडलाय तर भांडायचं नाही?” चेन्नियप्पन म्हणाला, पण त्यात पहिला जोर नव्हता.

नाचिमुत्तू ताटापासून लांब झाला. “आतलं बेअरिंग गेलं असतं तर तापल्यावर आवाज वाढला असता. हे वरचे टॅपेट आहेत, झाकण काढून नुसते जुळवायचे. संध्याकाळच्या आत होतील. बाकीचं इंजिन पुढच्या दिवाळीपर्यंत ओढेल. बहुतेक.”

“बहुतेक?” चेन्नियप्पन म्हणाला. “तुम्ही कधी बहुतेक म्हणत नव्हतात.”

“आता म्हणत जाणार.”

पुजारी दारात येऊन सगळं ऐकत होता. “आईने इंजिन उघडा म्हटलंय,” त्याने आठवण करून दिली.

“उघडणार ना,” पावायी म्हणाली. “झाकण उघडल्याशिवाय टॅपेट कसे करणार? आधी उघडा असं आई म्हणाली नाही. यांनी तिला ते विचारलंच नाही.”

पुजाऱ्याने यावर विचार केला. मग तो आत जाऊन पुड्यांची पानं गोळा करायला लागला. अरिवळगन पहिल्यांदाच पावायीकडे मालकिणीकडे बघावं तसं बघत होता.

सगळे रस्ता ओलांडून गॅरेजकडे निघाले. चेन्नियप्पन थोडा मागे रेंगाळला, मग गाठून नाचिमुत्तूच्या डाव्या बाजूने बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. लक्षात आल्यावर चरफडत पलीकडून आला.

“मी म्हटलं, पैसे राहू देत लॉरीत. पण कानाचं बाहेर कुणाला सांगू नका. भाव पडतो.”

“कशाचा?”

“सगळ्याचाच.”

अरिवळगनने जॅक काढायला घेतला. नाचिमुत्तू लॉरीला पाठ टेकून उभा राहिला. तापलेला पत्रा पाठीला लागत होता तरी तो हलला नाही. पावायी ताट धुवायला नळाकडे निघाली होती. ती समोरून जायला लागली तेव्हा तो म्हणाला, “शुक्रवारी गाडीत जेवायची दोन ताटं ठेव.”

पावायी थांबली. “दुसरं कुणाला? चेन्निया येतोय?”

“त्याला आवाज काढता येत नाहीत.”

नळ तिथेच राहिला. पावायीने एकदा लॉरीकडे पाहिलं, पुढून मागेपर्यंत, सकाळपासून बाकी सगळे बघत होते तसं. मग म्हैस शेजारणीकडे ठेवावी लागेल, असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटली. पदर कमरेला खोचला आणि गाडीखाली सरकणाऱ्या अरिवळगनच्या पायांशी जाऊन उभी राहिली.

“अरिवू, खडू दे.”

“काय राहिलं, अक्का?” आतून आवाज आला.

“डावीकडचं दार. आतून लागत नाही. येताना सबंध वाट चेन्निया ते हाताने धरून बसला होता. बाकी काय ते उघड तू. पण ते दार आधी कर.”

चेन्नियप्पनने आपला तळहात उलटा करून पाहिला.